चौदा माणसांचं वजन

१

दियाब रविवारी सकाळी मेला आणि बुधवार उजाडला, तरी त्याच्या बापानं कोणाकडून सांत्वनाचा एक शब्द घेतला नव्हता.

आमच्या किना भागात, इजिप्तच्या या दक्षिण टोकाला, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. मंडप नाही, खुर्च्या नाहीत, कडू कॉफी नाही. कोणी दारात जाऊन "अल्ला तुम्हाला बळ देवो" म्हणालं की आतून उत्तर येतं, "आमच्याकडे अजून कोणी मेलेलं नाही." म्हणजे आधी मारणारा मरेल, मग आम्ही रडू.

मारणारा कोण, हे गावानं ठरवूनच टाकलं होतं. उस्ता बखीत. साखरेच्या गोदामात चोवीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवणारा माणूस. दियाब तिथलाच हमाल, बावीस वर्षांचा, आणि तो सापडला त्याच फोर्कलिफ्टच्या मागच्या चाकाखाली.

आता खरं सांगायचं तर गावानं जे ठरवलं त्यात निम्मं पाप माझं. मी खलफ. गोदामाच्या फाटकाशी माझी चहाची टपरी आहे. दियाबनं बखीतच्या मुलीला मागणी घातली होती आणि बखीत ते ऐकून भडकला होता. माझ्या टपरीवर, माझ्यासमोर तो ओरडला, "पुन्हा तिचं नाव काढलंस तर गाडीखाली घालीन!" पुढच्याच आठवड्यात पोरगा गाडीखाली. मग माझ्या जिभेला हाड कुठलं राहतंय? दुपारच्या नमाजेपर्यंत वीस जणांना सांगून मोकळा झालो. संध्याकाळी बखीतच्या घरावर दगड पडले तेव्हा मी काय करून बसलो ते कळलं. पण तोवर उशीर झाला होता.

बखीत पळाला नाही. तो मुअल्लिम बुश्राच्या वजनकाट्याच्या खोलीत जाऊन बसला. बुश्रा म्हणजे आमचा सत्तरीचा किब्ती ख्रिस्ती म्हातारा, तीन पिढ्यांचा तोलार. इथला ऊस, गहू, कांदा, सगळं त्याच्या काट्यावरून जातं, आणि त्याच्या काट्याच्या खोलीत कोणी कोणावर हात उगारत नाही. मुसलमान असो, किब्ती असो, हा रिवाज सगळे पाळतात.

दियाबच्या बापानं, हाज कनावीनं, बुश्राला निरोप धाडला, "तू वजन करणारा आहेस ना? मग कर वजन. गुरुवारच्या असरपर्यंत, दुपार कलल्यावरच्या नमाजेपर्यंत थांबतो. त्यानंतर तुझी खोली काय नि मशीद काय, मी त्याला बाहेर ओढणार."

बुश्रा काठी टेकत थेट माझ्या टपरीवर आला.

"खलफ, ऊठ. तोंड पहिलं तू उघडलंस, आता डोळे उघडायलाही तूच चल."

२

गोदामात गांधीलमाश्यांचा नुसता धिंगाणा चालला होता. पोलीस कागद लिहून गेले होते, गोदामाला तेव्हापासून कुलूप होतं, त्यामुळे सगळं जसंच्या तसं पडलेलं. फोर्कलिफ्ट साखरेच्या थप्पीकडे तोंड करून उभी, ओझं उचलायचे पुढचे दांडे, म्हणजे फोर्क, वर, फोर्कांखाली फुटलेल्या पोत्यांचा ढीग, आणि जमिनीवर साखरच साखर.

कुलूप उघडलं ते भांडारप्रमुख फिक्री अफंदीनं. वाळका माणूस, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघण्याची सवय.

"यात बघायचं काय आहे, मुअल्लिम?" तो म्हणाला. "बखीतनं पॅलेट तिसऱ्या थरावर नेलं, हयगय केली, पोती खाली आली. मग गाडी गपकन मागं घेतली. दियाब मागून चालत होता. घाबरून घेतली की मुद्दाम घेतली, ते त्याला नि अल्लाला ठाऊक."

"दियाबला बाहेर कसं काढलंत?"

"जॅक लावून मागची बाजू उचलली. गाडी कोणी जागची हलवली नाही, पोलिसांनी मनाई केली होती."

बुश्रा ढोपरांवर बसला. सत्तरीचा माणूस, बसताना हाडं कडकड वाजली. पुढच्या चाकांसमोर नाक नेऊन तो बघत राहिला.

"खलफ, इथं ये. साखरेत चाकाचा पट्टा दिसतो का?"

मी पाहिलं. साखर दोन्ही चाकांना अगदी खेटून पडली होती. एक बोटभरही जागा मोकळी नव्हती.

"नाही दिसत."

"पोती आधी पडली आणि गाडी नंतर मागं गेली, असं अफंदी म्हणतात. मग चाक होतं ती जागा मोकळी राहायला हवी. साखर चाकाला चिकटून कशी?"

फिक्री खांद्यावरची माशी हाकलत म्हणाला, "वरून आणखी सांडली असेल."

बुश्रा उठला. तो मागं गेला. मागच्या चाकाखालची फरशी फुटली होती, मधोमध खड्डा आणि चहूकडे तडे. मी मान फिरवली. तिथं अजून रक्ताचा डाग होता आणि मला दियाबचा चेहरा आठवला. माझ्याकडे चहात चार चमचे साखर मागायचा पोरगा.

वातावरण फारच जड झालं म्हणून मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "ह्या गाडीनं माझाही उच्छाद मांडलाय, मुअल्लिम. पूर्वी हमाल आपली शम्सी रोटी तिच्या मागच्या लोखंडावर ठेवायचे, इंजिनाच्या धगीनं दहा मिनिटांत गरम. गाडी रंगवून आणली तेव्हापासून म्हणे रोटी गारच राहते. सगळे माझ्या चुलीवर येऊन बसतात, मी चहा कधी उकळायचा?"

बुश्रानं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्पच झालो. मग त्यानं मागच्या लोखंडावरून हात फिरवला. फोर्कलिफ्टच्या मागं जो भलामोठा ठोकळा असतो ना, पुढं ओझं उचललं की तोल राखणारा, तो.

बाहेर पडताच तो हळूच म्हणाला, "खलफ, ती गाडी पोरावर मागं आली नाही. वरून आली."

३

वजनकाट्याच्या खोलीत बखीत कोपऱ्यात बसला होता. तीन दिवसांत दाढी पांढरी झाल्यासारखी दिसत होती. माझ्याकडे बघून त्यानं तोंड फिरवलं. बरोबरच होतं म्हणा.

"उस्ता," बुश्रानं विचारलं, "ओझं किती होतं?"

"नेहमीचंच. चाळीस पोती, दोन टन."

"फोर्क पूर्ण आत होते?"

"मुअल्लिम, मला शिकवता?" बखीत उसळला. चोवीस वर्षांचा अभिमान, दुसरं काय. "ओझं छातीशी घ्यायचं. चालताना जमिनीलगत ठेवायचं, मास्ट, पुढचा खांब, मागं कललेला. वर नेलं की गाडी हलवायची नाही, वळवायची नाही. थप्पीवर टेकवताना तेवढं बोटभर पुढं कलवायचं, बस. मी तेवढंच केलं. अल्लाशपथ तेवढंच."

"आणि दियाब कुठं होता? मागून चालत?"

बखीत भिंतीकडे वळला.

"की गाडीवर, मागच्या लोखंडावर उभा?"

बाहेर उसाच्या ट्रकचा हॉर्न वाजला. मग बखीत दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागला.

"लोखंडावर होता. तीन आठवडे रोज होता. गाडी मागून हलकी लागायची, मुअल्लिम. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते. ती चाकं जमिनीला नीट टेकली नाहीत की स्टिअरिंग हातात पोकळ फिरतं. मला कळत होतं, पण दियाब मागं उभा राहिला की जेमतेम तोल राहायचा. रविवारी मी ओझं वर नेलं, बोटभर कलवलं आणि मागची चाकं उचलली गेली. पोरगा घाबरला, त्यानं उडी टाकली. त्याचं वजन गेलं तशी गाडी नाकावर उभीच राहिली. पोती घसरून खाली गेली, पुढचं ओझं संपलं, आणि मागची बाजू धाडकन खाली आली. तो तिथंच पडलेला होता."

"हे पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"माणूस मागं उभा करायला मनाई आहे. फिक्री अफंदी म्हणाले, तो चालत होता असंच सांग, नाहीतर जन्मठेप होईल. आणि मला तरी कुठल्या तोंडानं सांगता येणार होतं? मला माहीत होतं ना गाडी हलकी आहे!" त्यानं माझ्याकडे बोट केलं. "आणि हा! ह्यानं गावभर केलं की मी ठरवून मारलं. अरे, मुलीचा बाप रागानं काय वाट्टेल ते बोलतो. पोरगा वाईट नव्हता रे. महिनाभरानं मी हो म्हटलं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसल्या जागी काय करावं सुचेना, म्हणून खिशातून भाजलेल्या चण्यांचा पुडा काढून बुश्रापुढं धरला.

"कुठले हे?" त्यानं चणा चावत विचारलं.

"शेख अबू अम्रानच्या उरुसाचे. गॅरेजवाल्या रिफाईनं आणून दिले."

बुश्राचं चावणं थांबलं.

"बखीत, गाडी हलकी कधीपासून लागते?"

"रिफाईच्या गॅरेजमधून रंगवून आणली तेव्हापासून."

४

रिफाई म्हणजे लठ्ठ, हसरा, हात कायम ग्रीसनं काळे. आम्हाला बघून त्याचं हसू जरा जास्तच रुंद झालं.

"दोन दिवस गाडी माझ्याकडे होती," तो म्हणाला. "घासली, रंगवली, तेलपाणी केलं. दोन्ही दिवस माझ्या डोळ्यांसमोर होती, मी लघवीलासुद्धा हललो नाही!"

डोक्यावर छताला साखळीची मोठी कप्पी लटकत होती. ट्रकचं इंजिन उचलेल अशी. मी कप्पीकडे बघितलं, बुश्रानं बघितलं, आणि आम्ही बघतोय हे रिफाईनं बघितलं.

"ते दोन दिवस कुठले?" बुश्रानं विचारलं.

"सोमवार, मंगळवार. महिना व्हायचाय अजून."

"खलफ, शेखांचा उरूस कधी होता?"

"त्याच आठवड्यात. सोमवार, मंगळ—" मी म्हणालो आणि माझी जीभ अडकली.

बुश्रानं पुड्यातला एक चणा काढून रिफाईच्या टेबलावर ठेवला. "इथून हलला नाहीस, आणि दोन तासांच्या वाटेवरच्या उरुसातून चणे आणलेस? फारच लांब हात आहेत तुझे, उस्ता."

रिफाईचं हसू गळून पडलं. तो खुर्चीवर बसला, खुर्ची कुरकुरली.

"मुअल्लिम, मालकाला सांगू नका. बायकोचा नवस होता, नेणं भाग होतं. गाडी उघडी सोडून गेलो हे कळलं असतं तर गोदामाचं काम गेलं असतं."

"गॅरेजची किल्ली कोणाकडे होती?"

"मेहुण्याकडे. फिक्रीकडे. परत आलो तर त्यानं मागचं लोखंड घासून, पहिला हात मारूनसुद्धा ठेवला होता. म्हणाला, तुझी मेहनत वाचवली. मी खूश झालो. वरून पिवळा रंग मारला नि गाडी पाठवून दिली. माझ्या आईची शपथ, एवढंच."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "हा एकदा खोटं बोलला आहे. आता मेहुण्यावर ढकलतोय. कप्पी ह्याची, गॅरेज ह्याचं. ह्याचंच काम नसेल कशावरून?"

"ते मला उद्या बखीत सांगेल," बुश्रा म्हणाला. "त्याला स्वतःला ठाऊक नाही की त्याला ते ठाऊक आहे."

मला काही कळलं नाही. रात्रभर डोकं खाजवलं. आणि हाज कनावीच्या गल्लीतून जाताना पाहिलं, त्याचे दोन पुतणे उंबऱ्यावर बसून होते, मांडीवर बंदुका.

५

गुरुवारी असरच्या तासभर आधी फोर्कलिफ्ट ट्रकमागं बांधून वजनकाट्यावर आणली. अर्धं गाव जमलं होतं. हाज कनावी मधोमध, ताठ, काठीवर दोन्ही हात. पुतणे मागं. बखीत खोलीच्या दारात. फिक्री आणि रिफाई गोदामाच्या लोकांत, आणि कडेला पोलिसांची जीप.

बुश्रा आधी कनावीपुढं गेला. "हाज, काटा जे बोलेल ते बोलेल. त्यानंतर हात तुझा नाही, कायद्याचा. कबूल असेल तर वजन करतो. नसेल तर तू आणि तुझ्या बंदुका."

कनावीनं त्याच्याकडे पाहिलं. मग काठी पुतण्याच्या हातात दिली. आमच्याकडे ह्याला शब्द देणं म्हणतात.

बुश्रानं फोर्कलिफ्टच्या बाजूची पत्र्याची पाटी पुसली आणि मोठ्यानं वाचली. "गाडीचं स्वतःचं वजन, चार हजार तीनशे किलो." मग काट्याच्या सुईकडे बोट केलं. "आणि हे बघा."

सुई तीन हजार तीनशेच्या जरा खाली थांबली होती.

"काट्यात खोट असेल!" फिक्री म्हणाला.

असं बुश्राच्या तोंडावर आजवर कोणी बोललं नव्हतं. बुश्रा चिडला मात्र नाही.

"असेल. मग माणसांनी भरून काढू. चढा रे एकेक जण."

हमाल चढायला लागले. एक, दोन, तीन. सुई सरकत होती, पण पाटीवरच्या आकड्यापासून कितीतरी दूर. सात झाले, आठ झाले. लोक आधी हसत होते, दहाव्या माणसाला हसणं थांबलं. तेरावा चढला तरी सुई पोहोचली नाही. बुश्रानं मला खूण केली. मी चढलो आणि सुई चार हजार तीनशेवर आली.

"चौदा," बुश्रा म्हणाला. "ह्या गाडीच्या पाठीतून चौदा माणसांचं वजन कोणीतरी काढून घेतलं. आणि त्याच्या जागी एकटा दियाब उभा केला."

मग त्यानं हातोडा घेतला आणि मागच्या लोखंडावर हाणला. पिवळा रंग उडाला, पातळ पत्रा फाटला आणि आतून सिमेंटचे खडे पडले. लोखंडाचा पत्ताच नव्हता. सिमेंटला धग लागत नाही, म्हणून रोटी गार राहत होती. एवढी अक्कल मला तीन आठवडे आली नाही.

लोक रिफाईकडे वळले. कोणीतरी त्याची कॉलर धरली. तो बोंबलू लागला.

"सोडा त्याला!" बुश्रा ओरडला. "बखीत, इकडे ये. गाडी रंगवून आली त्या सकाळची गोष्ट सांग. माणूस मागं उभा करायचं कोणी सुचवलं? तू?"

"नाही. फिक्री अफंदींनी."

"तू तक्रार केलीस म्हणून?"

"नाही मुअल्लिम, तक्रार कसली? मी अजून किल्लीसुद्धा फिरवली नव्हती. अफंदी म्हणाले, आजपासून दियाब मागं उभा राहील, पॅलेट उचलताना मागं नजर हवी."

"पहिलं ओझं उचलण्याआधी?"

"आधीच."

आणि मला आठवलं. मी चहाचे पेले घेऊन तिथंच उभा होतो.

बुश्रा फिक्रीकडे वळला. "गाडी हलकी झाली आहे हे बखीतला ओझं उचलल्यावर कळलं. रिफाईला तर आत्ता इथं कळलं. त्याला ठाऊक असतं तर गाडी दोन्ही दिवस डोळ्यांसमोर होती असं तो स्वतःहून म्हणाला नसता. तुम्हाला मात्र किल्ली फिरवायच्या आधी माहीत होतं, अफंदी. दुखणं यायच्या आधी औषध घेऊन उभे होतात तुम्ही. लोखंड कुठं गेलं?"

फिक्री पहिल्यांदाच कोणाच्या तरी डोळ्यांत बघत होता. कनावीच्या.

"मुलानं काकवीचा घाणा घातलाय," तो पुटपुटला. "ऊस पिळायचे रूळ ओतायला बीड लोखंड हवं होतं. सिमेंटचा ठोकळा आम्ही बापलेकांनी आधीच करून ठेवला होता." मग एकदम आवाज चढला, "पण चाललं होतं ना! तीन आठवडे चाललं होतं! पोरानं उडी टाकली नसती तर आजही चाललं असतं!"

कनावीचे पुतणे पुढं सरकले. कनावीनं मागं न बघता नुसता हात आडवा धरला. पोलिसांनी फिक्रीला जीपमध्ये घातलं, तेव्हाही तो हात तसाच होता.

आता सुटलो, असं मला वाटलं. पण बखीत चालत कनावीसमोर गेला आणि थांबला.

"हाज, काटा पूर्ण बोलला नाही. मला तीन आठवडे कळत होतं. हातांना कळत होतं. मी गप्प बसलो. तो रोज चढायचा आणि मी चढू द्यायचो."

 कनावी एक पाऊल पुढं आला. आणि त्यानं भलतंच विचारलं.

"शेवटी काही बोलला का?"

"हाज?"

"माझा पोरगा. शेवटी काही बोलला का? मला कोणीच सांगत नाही."

बखीतनं मान खाली घातली. "म्हणाला, काका, आवरा लवकर, भूक लागली आहे."

कनावीच्या घशातून एक आवाज आला. आधी वाटलं हसला. मग तो म्हातारा सगळ्या गावासमोर रडायला लागला, चार दिवसांचं एकदम, नाकातून पाणी, दाढी ओली. पुतणे धरायला आले, त्यांना त्यानं ढकलून दिलं.

"सकाळी न जेवता गेला होता," तो म्हणाला. "आईशी भांडून."

असरची अजान झाली. कनावीनं तोंड पुसलं आणि पुतण्याला सांगितलं, "जा, दार उघड. खुर्च्या मांड." मग तो बखीतकडे वळला. "मी तुला माफ केलेलं नाही. करेन की नाही, माहीत नाही. पण आज तू माझ्या डाव्या हाताला उभा राहशील, घरच्या माणसांच्या रांगेत. जो माझा हात हातात घेईल तो तुझाही घेईल. मग कोणाची हिंमत होते बघू, तुझ्या घरावर दगड टाकायची."

संध्याकाळी त्या रांगेत सगळ्यात आधी मी गेलो. कनावीचा हात धरला, "अल्ला तुम्हाला बळ देवो" म्हणालो. पुढं बखीत होता. गावभर सांगायला मला वीस माणसं पुरली नव्हती आणि आता ह्या एका माणसापुढं तोंडातून शब्द निघत नव्हता. मी त्याचा हात धरून तसाच उभा राहिलो, तेव्हा मागचे लोक म्हणाले, "पुढं सरक रे, खलफ." तरी मला तो हात सोडवेना.